गवंडी हवी आहे

ज्या बैठकीत मला समितीची सचिव नेमलं, त्या बैठकीला मी हजर नव्हते. आमच्या विद्यापीठात जबाबदारीची कामं बहुधा अशीच वाटली जातात. त्या दिवशी मी दाढ दाखवायला गेले होते. परत आले तर गालात कापूस आणि टेबलावर पत्र.

साताऱ्याबाहेर, डोंगराच्या पायथ्याला आमचं आवार आहे. तिथे नवं ग्रंथालय आणि मुलींचं वसतिगृह बांधायचं ठरलं होतं. कुलगुरूंच्या मनात आलं की, बांधकामावर जी माणसं पिढ्यान्‌पिढ्या नुसती घमेली उचलतात, म्हणजे बायका, भटक्या जमातींतले लोक, अल्पसंख्याक, त्यांना इथे कारागीर म्हणून घ्यावं. तशी अट ठेकेदाराच्या करारात घातली आणि अट पाळली जाते का, हे बघायला पाच जणांची समिती केली. त्यात मी, समाजशास्त्राची प्राध्यापक. वीस वर्षं मी मुलांना श्रम आणि श्रमाची विभागणी शिकवत आले होते. थापी कधी हातात धरली आहे का, असं मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर बाकीच्या चौघांनाही उत्तर द्यावं लागलं असतं.

ठेकेदार सांगलीचा होता. गोड बोलणारा, आणि कुठल्याही गोष्टीला नाही न म्हणणारा. पहिल्याच भेटीत त्याने आमच्यापुढे कामगारांची यादी ठेवली आणि आपल्याकडे सगळ्या समाजांची माणसं आहेत, कागद बघून घ्या, असं सांगितलं. होतीही. दगडकामाला वडार, सेंटरिंगला मुसलमान, पाणी मारायला आणि माल वाहायला बायका. समितीला आनंद झाला, बिस्किटांची बशी पुन्हा फिरली. मला मात्र ती यादी वाचताना वाटलं, की ज्याचा आजा जिथे होता तिथेच नातू आहे, फक्त यादी आता संगणकावर टाइप केली आहे. मी विचारलं, बायकांमध्ये गवंडी किती?

तो हसला. लहान मूल चंद्र मागतं तेव्हा आपण हसतो तसा.

"मॅडम, तुमी एक बाई गवंडी दाखवा. उद्याच्याला परांचीवर चढवतो."

हे त्याचं वाक्य मी इतिवृत्तात शब्दशः लिहिलं आणि त्याची सही घेतली. सही करताना तो थोडा कमी हसत होता.

मग आम्ही वर्तमानपत्रात जाहिरात दिली. मसुदा समितीतल्या मराठीच्या सरांनी केला होता, त्यामुळे तिच्यात 'विटा' आणि 'भिंत' हे शब्द कुठेच नव्हते. 'सर्वसमावेशक कुशल बांधकाम सहभाग' असं काहीतरी होतं. अर्ज भरपूर आले. बहुतेक पदवीधरांचे. एकीने आपल्या प्रबंधाचा सारांश जोडला होता. एकाने जागा कायम आहे का, एवढंच विचारलं होतं. गवंडी एकही नव्हता.

आमचे सुरक्षा अधिकारी निवृत्त सुभेदार होते. सैन्यात असताना पूल आणि बराकी बांधण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी जाहिरात दोनदा वाचली, घडी घालून मला परत दिली आणि शांतपणे सांगितलं की, गवंडी पेपर वाचून येत नाही, नाक्यावर उभा असतो. ठेकेदार सांगलीचा, गवंडीही तिकडचेच, तेव्हा सांगलीलाच जायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सांगलीच्या मजूर नाक्यावर पोचलो. विद्यापीठाची जीप, पुढे पाटी, त्यातून उतरणारे मिशीवाले सुभेदार आणि फाइल छातीशी धरलेली मी. अतिक्रमणवाले आले समजून अर्धा नाका पांगला. जे उरले त्यांच्यापुढे मी योजनेची उद्दिष्टं मांडली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली. शेवटी एका भल्या माणसाने विचारलं, "ते समदं बरूबर हाय, पर गळतंय कुठं? बाथरूम का गच्ची?"

सुभेदारांनी मला मागे घेतलं आणि एका वाक्यात विचारलं, बाई गवंडी इकडे कुठे आहे का. लोक हसले. पण कडेला तंबाखू मळत बसलेला एक म्हातारा गिलावेवाला हसला नाही. कुंडलला एक आहे, तो म्हणाला. काम नवऱ्याच्या नावावर घेतात, पण भिंत तिची असते. गिलावा बघितला की कळतं कुणाचा हात आहे ते. मात्र विचाराल तर ती कबूल करणार नाही.

कुंडलला आम्ही विचारत विचारत गेलो. गावाच्या टोकाला एका घराच्या नव्या खोलीचं काम चाललं होतं. जीप थांबली तेव्हा लांबून मला दिसलं, की एक बाई फळीवर उभी राहून विटा लावते आहे आणि खाली एक माणूस माल कालवतो आहे. आम्ही दाराशी पोचेपर्यंत चित्र पालटलं होतं. बाई खाली येऊन घमेलं भरत होती, माणूस थापी घेऊन भिंतीशी उभा होता. दोघांनी एक शब्द न बोलता, एकमेकांकडे न बघता ही अदलाबदल केली होती. वर्षानुवर्षांची सवय असल्याशिवाय एवढं सफाईने जमत नाही.

सुभेदारांनी त्या माणसाला रामराम केला आणि म्हणाले, जरा दोन विटा लावून दाखवा. माणसाने थापीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. मग त्याला एकदम हसू फुटलं.

"घे गं बाई," तो तिला म्हणाला, "सुटलो मी."

त्यानंतर चहा आला आणि सगळं कळलं. तो खरंच गवंडी होता, चांगला गवंडी. आठ वर्षांपूर्वी मानेचं दुखणं सुरू झालं. वर बघितलं की घेरी यायची. एकदा पडता पडता वाचला. तेव्हापासून कामं तो ठरवायचा आणि ती करायची. कुणी आलं की जागा बदलायच्या. तिचं माहेर जतच्या बाजूचं, दुष्काळी मुलखातलं, मेंढरांवर जगणारं घर. वडील रानात मेंढरांसाठी दगडांचा आडोसा रचायचे, चिखल नाही, चुना नाही, नुसता दगडावर दगड. ती लहानपणी त्यांना दगड निवडून द्यायची. कुठला दगड कुठं बसतो ते तिथेच कळलं, ती म्हणाली, विटा काय, त्या तर सगळ्या सारख्याच असतात.

मी भारावून गेले. अशा वेळी प्राध्यापक माणसाने गप्प बसावं, पण मी म्हणाले, "म्हणजे या भागातल्या पहिल्या गवंडीण तुम्हीच."

तिने कपबशी खाली ठेवली. "गवंडीण तर मी लगीन झाल्यापासनं हाय, मॅडम. गवंड्याची बायकू ती गवंडीण. मी गवंडी हाय."

वीस वर्षं शिकवूनही मला हे सुचलं नव्हतं. मराठीच्या सरांना मी हे नंतर सांगितलं तर त्यांनी शब्दकोश काढला.

यायला ती तयार झाली. दोन अटी घातल्या. नवराही बरोबर येणार, माल तोच कालवणार, कारण त्याच्यासारखा माल दुसऱ्या कुणाला जमत नाही. आणि कागदावर तिच्या नावापुढे गवंडी असं लिहायचं. मी मोठ्या तोंडाने दोन्ही कबूल केलं. जीपमध्ये सुभेदार म्हणाले, "मॅडम, दुसरी अट लय भारी पडणार." मला ते तेव्हा कळलं नाही.

समितीच्या अर्जात तीन चौकोन होते: महिला, भटक्या जमाती, अल्पसंख्याक. कुठल्याही एका चौकोनात खूण करा, असं खाली लिहिलेलं. ती बाई म्हणून आणि मेंढपाळ जमातीतली म्हणून दोन चौकोनांत बसत होती. या एका मुद्द्यावर आमची अख्खी बैठक झाली. एक सदस्य म्हणाले, दोन्हीत धरली तर एका माणसात दोन उद्दिष्टं पूर्ण होतील. दुसऱ्यांना ते नैतिकदृष्ट्या पटेना, पण पर्यायही सुचेना. आत हे चाललं असताना ती बाहेर पायरीवर बसली होती. आम्ही निर्णय न घेता बाहेर आलो तेव्हा तिने शिपायाला सांगून टाकलं होतं, की ही पायरी आतल्या बाजूला कललेली आहे, पावसाचं पाणी खोलीत येत असणार. येतच होतं. दर पावसाळ्यात आम्ही दाराशी पोती टाकायचो आणि दोष पावसाला द्यायचो.

ठेकेदाराने शब्द पाळला. ती आली त्या दिवशीच तिला ग्रंथालयाच्या भिंतीवर उभं केलं. आम्ही समितीवाल्यांनी फोटो काढले आणि काम झालं असं समजून परत आलो.

काम झालं नव्हतं. वीटकामात भिंतीच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणतात आणि तिच्या ओळीत विटा लावतात. दोन टोकांना दोन गवंडी. एक थर झाला की दोघांनी मिळून दोरी वर घ्यायची. तिच्या दोरीचं दुसरं टोक कुणी धरेना. नवऱ्याला परांचीवर चढणं शक्य नव्हतं. बाकीच्या बायका मुख्य मिस्त्रींना भिऊन पुढे येत नव्हत्या. ती एक टोक खिळ्याला बांधायची, उतरायची, पलीकडे चालत जायची, चढायची, दुसरं टोक ओढायची. निम्मा दिवस चालण्यातच जायचा.

हे मिस्त्री साठीचे, सांगलीचेच. कमी बोलणारे, हात सोन्याचा. मी ठेकेदाराकडे तक्रार केली. ठेकेदाराने मिस्त्रींना विचारलं. मिस्त्री म्हणाले, मी कुठं नको म्हणतोय? आणि ते खरंच होतं. नको असं कुणीच म्हणालं नव्हतं.

समितीने मग विद्यापीठाकडे असतो तो उपाय काढला: कार्यशाळा. विषय, कामाच्या ठिकाणी समानता. वक्ता, मी. वातानुकूलित सभागृह, पडद्यावर चित्रं, शेवटी भजी. गवंडी वेळेवर आले, टोप्या काढून बसले. मधल्या रांगेतले काही जण थंड हवेत गाढ झोपले. मिस्त्री जागे राहिले, आणि जाताना भजी चांगली होती असं आवर्जून सांगून गेले. दुसऱ्या दिवशी दोरीचं टोक तसंच खिळ्याला.

त्या आठवड्यात एका सकाळी मला तास नव्हता. मी साइटवर गेले आणि तिला म्हणाले, दोरी मी धरते. तिने माझ्या पायांकडे बघितलं आणि चपला काढायला सांगितल्या. कंबरभर उंचीची परांची होती, तरी चढताना मला सुभेदारांच्या हाताचा आधार लागला.

मला वाटलं होतं दोरी धरणं म्हणजे धरणं.

"मॅडम, ताणा. नुस्ती धरू नगा."

मी ताणली तर खिळा निसटला. पुन्हा बांधली. मग ती विटा कशा लावते ते बघण्यात मी गुंगले. थापीने माल पसरायचा, वीट दाबायची, वर आलेला माल एका हालचालीत कापून पुढच्या सांध्यात. बघता बघता माझी बोटं सैल झाली आणि ओल्या मालाने माखलेली दोरी सटकन्‌ उडून माझ्या चष्म्यावर बसली. कुणी हसलं नाही. सगळे गवंडी एकदम आपापल्या विटांकडे फार बारकाईने बघू लागले. हसले असते तर बरं वाटलं असतं.

असं अर्धा तास चाललं. माझ्या टोकाकडचे विटांचे थर पोटात वाकू लागले होते आणि ती निमूटपणे ते काढून परत लावत होती. समोरच्या भिंतीवरून मिस्त्री बघत होते. शेवटी त्यांनी थापी ठेवली, उतरले, माझ्याजवळ आले आणि माझ्या हातातून दोरी काढून घेतली.

"अशी धरत्यात व्हय दोरी?" ते म्हणाले. "वाटुळं हुईल भिताडाचं."

त्यांनी दोरीचा वेढा विटेला दिला, टोक कोपऱ्यावर बसवलं, आणि पलीकडे बघून तिच्याशी पहिला शब्द बोलले, "वड."

तिने ओढली. दोरी ताठ झाली. मिस्त्रींनी एकदा नख मारून बघितलं आणि खाली वाकून वीट उचलली. दुपारच्या सुट्टीपर्यंत दोघांनी मिळून तीन थर चढवले. मधे मी दोनदा विचारलं, काही मदत करू का. दोघांनी एकदम नको म्हटलं.

मिस्त्रींना समानता पटली असं मी म्हणणार नाही. त्यांना वाकडी भिंत सहन झाली नाही, एवढंच. पण दुसऱ्या दिवशी ते न सांगता तिच्या दोरीला आले, तिसऱ्या दिवशीही. आणि रोज तिच्या चुका काढायला लागले. सांधा जाड आहे, माल कोरडा आहे, कोपरा घाईत धरलास. मला वाटलं हा नवा छळ सुरू झाला. मी तिला विचारलं, तर ती खुशीत होती.

"बिगाऱ्याला शिव्या देत्यात, मॅडम. चुका गवंड्याच्याच काढत्यात."

मधल्या काळात आणखी एक अडचण होती, जी समितीतल्या एकाही पुरुष सदस्याच्या लक्षात आली नव्हती, आणि खरं सांगायचं तर माझ्याही उशिराच आली. साइटवर बायकांना जायला जागा नव्हती. प्राध्यापिकांच्या स्वच्छतागृहाची किल्ली द्यावी असा प्रस्ताव मी पाठवला. किल्ली कुणाच्या ताब्यात राहील, हा प्रश्न घेऊन फाइल तीन विभाग फिरली. सुभेदारांनी फाइल परत यायची वाट बघितली नाही. एका दिवसात पत्रे, पाइप, पाण्याची टाकी आणून आडोशाला दोन पक्क्या खोल्या उभ्या केल्या, आतून कडीसकट. फाइल मंजूर होऊन आली तेव्हा वसतिगृहाला रंग लागत होता.

पहिला अहवाल लिहायला बसले तेव्हा सुभेदार जीपमध्ये काय म्हणाले होते ते कळलं. ठेकेदाराच्या हजेरीपटात नवऱ्याच्या नावापुढे गवंडी आणि तिच्या नावापुढे बिगारी असं लिहिलेलं होतं. पहिल्या दिवसापासून. कागदोपत्री आमच्याकडे एकही बाई गवंडी नव्हती. मी हजेरी लिहिणाऱ्या मुकादमाकडे गेले. तो घाबरलाही नाही, रागावलाही नाही. जोडपं असलं की गवंडी बाप्याच असतो, असं त्याने मला समजावून सांगितलं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. हाताला वळण पडलं होतं.

ठेकेदाराने नवरा-बायको दोघांना बोलावलं. मला भीती होती की नवऱ्याला सगळ्यांपुढे खाली बघावं लागेल. तो पुढे आला आणि म्हणाला, माझं नाव खालच्या ओळीत घ्या, वरची ओळ तिची. मुकादमाने खाडाखोड न करता नवीन पान घेतलं.

दोन दिवसांनी मी वाळूच्या ढिगाजवळून जात होते. तो एकटाच वाळू चाळत होता. मला थांबवून म्हणाला, "आठ वर्सं तिचं काम माझ्या नावानं चाललं. लोक म्हनायचे, काय हात हाय तुझा. मी गप ऐकायचो." चाळणी त्याने दोन-तीनदा हलवली. "आता जरा हलकं वाटतंय." हे सांगताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

इमारत पूर्ण होईपर्यंत घमेली वाहणाऱ्या दोघीजणी तिच्या हाताखाली शिकायला लागल्या. एक टिकली. दुसरी मधेच गावी गेली ती आलीच नाही. वडार मंडळींतला एक जण मिस्त्रींच्या हाताखाली वीटकामाला लागला. समितीच्या अंतिम अहवालात या सगळ्याला 'लक्षणीय यश' म्हटलं आहे. तो शब्द मीच घातला. वीस पानांच्या अहवालात माणसं तीन, हे कुणाच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून परिशिष्टं जोडली.

उद्घाटनाला तिला आणि नवऱ्याला बोलावलं होतं. दोघं आली, ती नव्या हिरव्या साडीत, मागच्या रांगेत बसली. पाहुण्यांनी वास्तुविशारदाची, कुलगुरूंची, समितीची आणि माझीही स्तुती केली. तिचं नाव कुणी घेतलं नाही. मी व्यासपीठावर होते. उठून सांगायला दोन मिनिटं पुरली असती, पण कार्यक्रमाला उशीर झाला आहे असं सूत्रसंचालिका खुणेने सांगत होती आणि मी बसून राहिले. याची लाज मला अजून वाटते.

नंतर मी तिला गाठून माफी मागितली. तिने भाषण ऐकलंच नव्हतं. तिचं लक्ष बाहेरच्या व्हरांड्यात होतं. "पोरी पाय लावून उभ्या ऱ्हात्यात भिताडाला," ती म्हणाली. "त्येवढं सांगा त्यास्नी."

ठेकेदार तिला आणि नवऱ्याला आपल्या सांगलीच्या पुढच्या कामावर घेऊन गेला. तिथे कसली अट नव्हती, समिती नव्हती, कार्यशाळा तर नव्हतीच. मला वाटतं, आमच्या सगळ्या खटाटोपातलं खरं यश तेवढंच, आणि ते अहवालात येण्याआधीच अहवाल छापून झाला होता.

गेल्या पावसात माझ्या घराच्या कुंपणाची भिंत पडली. मी तिला फोन केला. तिने भिंतीची लांबी विचारली, पाया कसा आहे ते विचारलं, आणि दिवाळीनंतर बघू म्हणाली. सध्या एका दवाखान्याचं काम धरलंय, हाताखाली चौघीजणी आहेत. दिवाळी होऊन गेली. परत फोन केला तर नवऱ्याने उचलला. ती परांचीवर आहे, खाली उतरली की सांगतो, असं म्हणाला. शेजारी मला सांगतात, दुसरा कुणीतरी बघा. मी त्यांना सांगते, घाई नाही.